उपज्झाय : शब्द आणि कर्तव्य

बाबासाहेबांनी तथागतांना मोक्षदाता नव्हे, तर मार्गदाता म्हटले आहे. मार्ग दाखविणाऱ्यासाठी पालीत आणखी एक शब्द आहे : ‘उपज्झाय’. त्याचेच संस्कृत रूप ‘उपाध्याय’. मराठीत मात्र तो पूजा सांगणारा पुरोहित झाला. विनयपिटकातील महावग्गात शिष्याने उपज्झायाची सेवा करावी, तशीच शिष्य आजारी पडल्यास उपज्झायानेही त्याची शुश्रूषा करावी, असा नियम आहे. देवळीत निवासी विद्यार्थ्यांसोबत राहताना आम्हांस हा नियम उशिरा उमगला. एका पावसाळी रात्री ‘सकाळी पाहू’ म्हणून आम्ही झोपलो. तापाने फणफणलेल्या मुलाने ती रात्र एकट्याने काढली. तेव्हापासून रात्री दाराशी ‘सर’ अशी हाक आली, की आम्ही उठतो.