बेसबॉलवरची सही : खरी की खोटी?

आपल्याकडे बॅटवर सही घेतात, तशी अमेरिकेत बेसबॉलवर घेतात. बेब रूथ हा तिकडच्या बेसबॉलचा देवच. तो १९४८ साली गेला. त्याच्या सहीच्या चेंडूला आज लाखो रुपये मोजतात. आता पैसा आला की चोरही येणारच! ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत एफबीआयने ऑक्टोबर १९९९ मध्ये खोट्या सह्या करणाऱ्या टोळीवर धाडी घातल्या. सापडलेल्या मालात चक्क मदर तेरेसांच्या ‘सहीचे’ बेसबॉल होते!

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी मटेरियल तपासू, सही नंतर.

१) चेंडू : पूर्वी लीगच्या अधिकृत चेंडूवर त्या वेळच्या लीग प्रेसिडेंटचं नाव छापलेलं असे. नॅशनल लीगमध्ये फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१ प्रेसिडेंट होता, त्यानंतर वॉरन जाइल्स आला. म्हणजे जाइल्सचं नाव असलेल्या चेंडूवर रूथची सही दिसली, तर तो चेंडूच रूथच्या मृत्यूनंतरचा! विषय तिथेच संपला. शिवाय चेंडूचं कव्हर १९७४ च्या आधी घोड्याच्या कातड्याचं असायचं, मग गाईच्या कातड्याचं आलं.

२) शाई : अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. लू गेरिग वारला १९४१ ला. तेव्हा गेरिगची बॉलपेनने केलेली सही म्हणजे शुद्ध थाप.

३) हात : खरा माणूस सही झरझर करतो, रेघेची टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा सही ‘काढतो’. त्यामुळे रेघ थरथरते, दाब सगळीकडे सारखा पडतो, पेन मध्येच उचललेलं दिसतं. एक सही बघून निर्णय देऊ नये, त्याच काळातल्या अनेक खात्रीच्या सह्यांशी ताडून पाहावी. आणखी एक गोची म्हणजे कधीकधी खेळाडूच्या वतीने बॅटबॉयच सह्या ठोकून द्यायचा. चेंडू जुना, शाई जुनी, सही मात्र दुसऱ्याचीच!

आणि सर्टिफिकेट? त्या टोळीच्या मालाबरोबर सर्टिफिकेटंही मिळायची. म्हणून नुसत्या कागदावर भरवसा नको. २००१ पासून मेजर लीग बेसबॉलचा माणूस स्वतः हजर राहून सही होताना बघतो आणि वस्तूवर नंबरचा होलोग्राम लावतो. जुन्या सहीला असा साक्षीदार नाही. तिथे चेंडू आणि शाई हेच साक्षीदार, म्हणून त्यांना जपायचं.

पूर्वी लोक सही टिकावी म्हणून चेंडूला लाखेचं पॉलिश लावायचे. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि सहीच झाकली गेली. फिकट झालेली सही वरून गिरवणं तर त्याहून वाईट, कारण मग खाली मूळ सही होती हे सिद्ध करणंच कठीण. शाईचा मोठा शत्रू प्रकाश. यूव्ही अडवणारी पेटी मदत करते, पण साधा उजेडही शाई उडवतो. म्हणून चेंडू बहुतेक वेळ अंधारातच ठेवावा. फार दमट आणि फार कोरडी हवा, दोन्ही चामड्याला वाईट. माळा आणि तळघर टाळावं. पीव्हीसीची पिशवी नको, अ‍ॅसिड नसलेला कागद चालेल. चेंडू शिवणीवर धरावा, सहीला बोट लावू नये. आणि पुसून स्वच्छ करायचा मोह तर अजिबात नको, कारण उडालेली शाई कुठल्याच लॅबमध्ये परत येत नाही.