सात घरे, एक अंगण

चार भाऊ वेगळे होतात. जुन्या घराच्या जागेवर चौघांनाही घर हवे असते. जागा तेवढीच, माणसे मात्र वाढलेली. मग काय होते? मधे भिंत पडते. थोरल्याच्या पागोळ्या धाकट्याच्या दारात गळतात. एकाच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या चुलीपाशी येते. ज्या अंगणात सगळ्यांची लग्ने झाली, ते अंगणच नाहीसे होते. पुष्कळदा भाऊबंदकी सुरू होते ती अशी.

थोड्या जागेत पुष्कळ कुटुंबे सुखाने राहतील का? राहतील. पण पाया खणण्याआधी विचार हवा. असा विचार कुणी केला, ते आपण पाहू.

नवी मुंबईत बेलापूर आहे. तेथे १९८३ ते १९८६ च्या सुमारास एक वसाहत उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स कोरिया यांनी केला. जमीन सुमारे १५ एकर, कुटुंबे सुमारे ५५०. कुणीही म्हणेल, "बांधा की उंच इमारती!" कोरियांनी तसे केले नाही. उंच इमारतीतले घर पुढे वाढवता येत नाही. त्यांनी बैठी आणि एका माडीची घरे योजली.

सात घरांचा एक गट केला. मधे सगळ्यांचे मिळून एक अंगण ठेवले. ते सुमारे २६ फूट लांब आणि तेवढेच रुंद. असे तीन गट एका मोठ्या चौकाभोवती बसवले. घरातून अंगणात, अंगणातून चौकात, अशी ही मोकळी जागा आहे.

लहान घराची जागा अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. मोठ्या घराची जागा त्याच्या दुप्पटसुद्धा नाही. म्हणजे गरीब आणि बरा, दोघेही शेजारी शेजारी राहू शकतात.

आणखी एक गोष्ट. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडली नाही. पैसा आला की खोली वाढवा. शेजाऱ्याला विचारायला नको. संडास मात्र दोन दोन घरांचे जोडून बांधले. त्यामुळे नळाचा खर्च वाचला.

पुढे पुष्कळांनी जुने घर पाडून मोठे, पक्के घर बांधले. कुटुंब वाढते, तसे घरही वाढणारच. म्हणून वाढीची जागा आधीच धरावी.

आता आपल्या जागेकडे वळू. बांधण्याआधी सर्वांनी एकत्र बसावे. बायामाणसांनाही बोलवावे, घरात अधिक वेळ त्यांचाच जातो. मग दोरीने जागा मोजावी आणि चुन्याने आखावी. चार गोष्टी ठरवाव्या:

१. पावसाचे पाणी कुठून वाहून जाईल?
२. सांडपाणी आणि संडास विहिरीपासून लांब आहेत ना?
३. प्रत्येक घरात उजेड आणि वारा येतो ना?
४. मुलगा मोठा झाला, तर खोली कुठे वाढेल?

अंगण आधी ठरवा, भिंती मागून. भिंती आधी घातल्या, तर उरते ते अंगण नव्हे, बोळ.

ठरले ते कागदावर लिहा. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. आता आपल्याला वाचता येते. वाटणीच्या कागदात "अंगण सामाईक" हे दोन शब्द आहेत का, ते बोट ठेवून वाचा. मगच सही करा.