नाडी, भूक आणि माझे वजन

जुलै महिन्यात आपल्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. तेव्हा माझे वजन 42 किलो आणि उंची 138 सेंटिमीटर भरली. डॉक्टर म्हणाले, या उंचीच्या दहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण 31 किलो असते. रांगेतली मुले हसली. त्या दिवसापासून मला काहीजण ड्रम म्हणतात. कोण म्हणतात ते इथे लिहीत नाही, त्यांचे त्यांना माहीत आहे.

घरी सांगितले तर आज्जी म्हणाली, "खात्यापित्या घरचं लेकरू हाय, नजर लावू नगा." पण मला वाईट वाटले होते. मी दोन दिवस रात्री जेवलोच नाही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला उभा असताना चक्कर आली. गुरुजी म्हणाले, "उपाशी राहायचे नाही. तुझी हाडे वाढताहेत, त्यांना अन्न लागते. जेवण सोडू नकोस, पळायला लाग."

पहिल्या दिवशी मैदानाची एकच फेरी मारली आणि मटकन खाली बसलो. तेव्हा गुरुजींनी नाडी मोजायला शिकवले. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्यालाही नाडी असते आणि घोटाळा होतो. 15 सेकंद ठोके मोजून 4 ने गुणायचे. (चारचा पाढा माझा यानेच पक्का झाला.) फेरीनंतर माझे 40 ठोके आले, म्हणजे मिनिटाला 160. एक मिनिट बसलो तरी 144 होते. हे सगळे वहीत लिहिले.

आता भुकेचे सांगतो. आई म्हणाली, "पळून आला की चार भाकऱ्या जास्त खाईल, मग काय उपयोग?" म्हणून मी भाकऱ्याही मोजल्या. पळून आल्यावर अर्धा तास तर काही खावेसेच वाटत नसे, नुसते पाणी प्यावेसे वाटे. रात्री दोनच भाकऱ्या, रोजच्यासारख्या. उलट पावसामुळे घरी मोबाईल बघत बसलो, त्या दिवशी बिस्किटचा पुडा कधी संपला कळलेच नाही. भूक नव्हती तरी! आमचे किराणा दुकान आहे, हात लांब केला की पुडा मिळतो, ही माझी खरी अडचण.

गुरुजींनी याचे कारण सांगितले. आपल्या जठरात घ्रेलिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि भूक लागल्याचे सांगतो. जोराचा व्यायाम केला की तो थोडा वेळ कमी होतो. सगळ्यांना सारखेच होते असे नाही, पण माझ्या वहीत तसे आले.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा वजन केले. 42 किलोच! मला रडूच आले. गुरुजी म्हणाले, "वही उघड." त्याच फेरीनंतर आता 152 ठोके होते, आणि एक मिनिटात 116 वर आले. हृदय हा स्नायूच आहे. व्यायामाने तो बळकट होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतो, म्हणून कमी ठोक्यांत काम भागते. काट्यावर हे दिसत नाही. शिवाय माझी उंची एक सेंटिमीटर वाढली होती, ते मी विसरलोच होतो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दम लागेल असे खेळावे किंवा हालचाल करावी. माझी अजून 40 च होतात. बाबा मला गाडीवरून शाळेत सोडायचे, ते बंद केले. आता मी चालत येतो. बाबा हे वाचतील तेव्हा त्यांना आणखी एक विनंती, दुकानातले बिस्किटाचे पुडे वरच्या फळीवर ठेवा.

गेल्या शनिवारी खो-खोत मला पहिल्यांदा नऊ गड्यांत घेतले. याआधी मी गुण लिहायला बसायचो. मी एकच गडी बाद केला, पण डाव संपेपर्यंत पळालो.

मधल्या सुट्टीत गुरुजींचे घड्याळ माझ्याकडे असते. ज्यांना नाडी मोजायची असेल त्यांनी चिंचेखाली यावे. ड्रम म्हणणाऱ्यांनी पण यावे, मात्र आधी एक फेरी मारून.