कळमन्याहून उपराजधानी पाहायला

संत्र्याच्या हंगामात कळमना मार्केटला माल घेऊन आलेला माणूस हर्रास झाला, चुकारा मिळाला की सरळ गावची गाडी धरतो. तसं करू नका. ज्या नागपूर शहराच्या टोकाला तुम्ही उभे आहात, ते भोसल्यांची राजधानी होतं, १८६१ पासून मध्य प्रांताची, १९५० ते १९५६ मध्य प्रदेशाची, आणि आज आपली उपराजधानी आहे. एका दुपारीत त्यातलं बरंच पाहून होतं.

आधी वार बघा. सोमवारी अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) बंद असतो. हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर विधान भवनाच्या आसपासचे रस्ते अडवलेले असतात. तेव्हा ऑटोपेक्षा मेट्रोच बरी. चुकारा खात्यात घ्या. रोख घेतली असेल तर अडत्याकडेच राहू द्या आणि संध्याकाळी न्या.

मार्केटमधून ऑटोने प्रजापती नगर मेट्रो स्टेशनला या. सीताबर्डीचं तिकीट न काढता झिरो माईलचं काढा. सीताबर्डीला गाडी बदलायची, पुढचंच स्टेशन झिरो माईल.

बाहेर पडलात की आधी झिरो माईलचा खांब पाहा. घोड्यांच्या चार पुतळ्यांबरोबर फोटो काढून लोक निघून जातात. तुम्ही खांबाजवळच्या षटकोनी दगडापाशी थांबा. त्यावर गावं आणि मैल कोरलेत : हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. छिंदवाडा, शिवनी, बैतूल, चांदाही आहेत. आपला माल कुठवर जातो हे रोज ऐकणाऱ्याला हा दगड लगेच कळेल.

तिथून अजब बंगला जवळच. १८६३ सालचं हे मध्यवर्ती संग्रहालय. दोनच्या आत पोचा. मुलं पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी रेंगाळतील, रेंगाळू द्या. पण आदिवासी दालन आणि शिल्पं चुकवू नका. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं. भोसले नंतर आले. म्हणून मी तरी आदिवासी दालनापासूनच सुरुवात करायला सांगेन.

उरलेला सगळा वेळ दीक्षाभूमीला द्या. परत मेट्रोने राहाटे कॉलनी, पुढे ऑटो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह इथेच बौद्ध धम्म स्वीकारला. स्तूपाची घडण सांचीसारखी, पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे आणि हा पोकळ. चपला काढून आत जा. मध्ये बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. इथे मोठ्याने बोलू नका, लोक दुरून दर्शनाला आलेले असतात. आवारातल्या स्तंभावर बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. पहिल्या दोन-तीन वाचून पुढे सरकू नका, बावीसही वाचा. बोधिवृक्षाखाली थोडं बसा. अशोक विजयादशमीच्या दिवसांत मात्र अफाट गर्दी असते. तेव्हा नुसतं पाहायला म्हणून येऊ नका, श्रद्धेने येणाऱ्यांना जागा द्या.

परतताना सीताबर्डीला पुन्हा गाडी बदला आणि प्रजापती नगरला उतरा.

सीताबर्डीचा किल्ला या दुपारी जमणार नाही. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट एवढेच दिवस सर्वांना खुला असतो. १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली ती याच टेकडीवर. मुलं सोबत असतील तर किल्ल्याऐवजी कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय घ्या. तेही सोमवारी बंदच.