घर ओहोटीला बघावं

वांद्रे रेक्लमेशनला खाडीच्या बाजूचं घर आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते डिसेंबरातल्या एका रविवारी, संध्याकाळी पाचला. पाणी दगडी बांधापर्यंत आलेलं, समोर सी-लिंक, खिडकीतून गार वारा. अकरा महिन्यांचा भाडेकरार तिथेच ठरला. वेळ एजंटने ठरवली होती. त्या दिवशी सप्तमी होती आणि पाचच्या सुमारास भरती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

राहायला गेलो आणि पौर्णिमा आली. पहाटे सहाला सासूबाई देवापाशी निरांजन लावायला उठल्या आणि काडी ओढायच्या आधी मला हाक मारली, "गॅस चालू राहिलाय का, बघ गं." गॅस बंद होता. नासक्या अंड्यांसारखा तो वास खिडकीतून येत होता. खाडीचं पाणी मागे हटलं होतं आणि काळाकुट्ट चिखल उघडा पडला होता. काही आठवड्यांत चांदीचं निरांजन काळवंडलं. उन्हाळ्यात एसीचं तांब्याचं कॉइल गळलं. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "या लायनीत सगळ्यांचं हेच आहे, ताई."

याचं मूळ दूर आहे. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघालेली मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत शहराचं सांडपाणी तिच्यात उतरतं. खाडीच्या गाळात ते कुजताना प्राणवायू संपतो. मग कामाला लागतात प्राणवायूविना जगणारे जीवाणू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. त्यापासून ते हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. गोड्या पाण्यात सल्फेट फार कमी, म्हणून तिथल्या गाळापेक्षा खाडीच्या गाळाला हा वास जास्त. भरतीचं पाणी गाळावर झाकणासारखं असतं, ओहोटीला ते सरकतं. चांदी काळी पाडणारा आणि तांबं खाणारा वायू हाच.

म्हणून घर घेताना आधी पंचांग उघडावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. उधाणाची असल्याने तीच सर्वांत खोल जाते. घर बघायची वेळ ती.

वाराही पाहावा. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. इमारतीच्या मागे नाला असेल तर दिवसा घर छान वाटेल आणि झोपायच्या वेळी वास येईल. एकदा दिवसा आणि एकदा रात्री जाऊन यावं. आत गेल्या गेल्या जे जाणवेल तेच खरं धरावं, कारण थोड्या वेळात नाक सरावतं. शेजाऱ्यांना वासाबद्दल विचारलं तर ते संकोचतात; एसीचं कॉइल किती वेळा बदललं, ते विचारावं.

घरातला वास मात्र वेगळा ओळखावा. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटाराची हवा थेट आत येते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की ती वाट बंद होते.

आमच्या सोसायटीच्या सभेत काहींनी बोट दाखवलं ते कोळीवाड्याकडे. हा सरळ अन्याय आहे. उन्हात वाळणाऱ्या बोंबलांचा वास आणि कुजक्या गाळाचा वास यांत गल्लत होऊच शकत नाही. खाडी नासली तेव्हा पहिला फटका कोळ्यांच्या जाळ्यांना बसला. तक्रार सांडपाण्याविरुद्ध हवी आणि ती त्यांना सोबत घेऊन करावी. "फार वास येतो" एवढं लिहून भागत नाही. तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि वाऱ्याची दिशा महिनाभर वहीत टिपावी आणि ती नोंद अर्जाला जोडावी.

मुंबईत सात ठिकाणी मिळून दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांची पायाभरणी जानेवारी २०२३मध्ये झाली. ते पूर्ण क्षमतेने चालावेत म्हणून रहिवाशांनी मागे लागलं पाहिजे.

करार संपताना एक तरुण जोडपं आमचं घर बघायला आलं. भरतीची वेळ होती आणि दोघंही खिडकीपाशी खूश उभे होते. मी त्यांच्या हातात आमची वही ठेवली आणि अमावास्येला संध्याकाळी सहा वाजता पुन्हा या, असं सांगितलं.