कोंबड्यांसाठी खाद्यझुरळांची घरगुती पैदास

बोरीवली हे उपनगर असले तरी गोराई खाडीपलीकडील गावांत आजही घरामागे गावठी कोंबड्या पाळल्या जातात. झुरळ दिसताच कोंबडी झडप घालते. म्हणून कित्येक जण मोरीत किंवा उकिरड्यावर सापडलेली झुरळे कोंबड्यांपुढे टाकतात. ही सवय सोडावी. अशा झुरळांच्या अंगावर कीटकनाशक असू शकते, तसेच साल्मोनेलासारखे जंतूही असतात.

आणखी एक धोका डोळ्यातील कृमीचा आहे. या कृमीची अंडी कोंबडीच्या विष्ठेतून बाहेर पडतात. जमिनीत व खतात राहणारे सुरीनाम झुरळ ती विष्ठा खाते आणि त्याच्या शरीरात अळी वाढते. असे झुरळ कोंबडीने खाल्ले की अळी अन्ननलिकेतून वर सरकत अश्रुनलिकेवाटे डोळ्यात पोहोचते. डोळे सुजतात, पाणी येते, दुर्लक्ष झाल्यास दृष्टीही जाते. झुरळे खाऊ घालायचीच असतील, तर ती बंदिस्त पेटीत स्वच्छ खाद्यावर वाढवलेली असावीत.

जातीची निवड : यासाठी ड्युबिया ही दक्षिण अमेरिकेतील जात सोयीची आहे. ती गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. नराला लांब पंख असतात, मादीचे पंख आखूड असतात. मादी एका वेळी साधारण २० ते ४० जिवंत पिल्ले देते. परवान्याशिवाय परदेशातून जिवंत कीटक आणू नयेत. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यास परवाना लागतो.

पेटीची रचना : सुमारे ५० लिटरचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा टब घ्यावा. झाकणाला खिडकी कापून बारीक धातूची जाळी बसवावी. आतील वरच्या कडेला चार बोटे रुंद व्हॅसलीनचा पट्टा द्यावा. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचावेत, म्हणजे विष्ठा तळाशी पडते. टब अंधाऱ्या जागी, खुराड्यापासून दूर ठेवावा. मुंग्या लागू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

खाद्य व पाणी : गव्हाचा कोंडा व कोंबडीखाद्य सुके द्यावे. गाजर, भोपळा यांच्या फोडी दिल्यास पाण्याची गरजही भागते. उघड्या भांड्यात पाणी ठेवू नये, पिल्ले बुडतात. उरलेल्या ओल्या फोडी दुसऱ्या दिवशी काढाव्यात. बोरीवलीच्या दमट पावसाळ्यात बुरशी हाच मोठा शत्रू आहे. त्या काळात ओले खाद्य कमी द्यावे व ओलसर ट्रे बदलावेत.

वाढ व काढणी : १० नर व ३० माद्यांपासून सुरुवात करावी. २७ ते ३२ अंश तापमान मानवते. थंडीच्या रात्री वाढ मंदावते. पिल्लू प्रौढ होण्यास चार ते सहा महिने लागतात. म्हणून पहिले सहा महिने एकही झुरळ काढू नये. येथेच बहुतेकांची घाई नडते. पुढे मध्यम पिल्ले व जादा नर काढावेत, माद्या राखाव्यात. झुरळात प्रथिने भरपूर पण कॅल्शियम कमी असते. ते पूरक खाद्य म्हणूनच द्यावे. अंड्यावरील कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा चालू ठेवावा.

दक्षता : झुरळांची कात व विष्ठेची धूळ दम्याला कारण ठरते. घरात दमेकरी असल्यास हा उद्योग करू नये. सफाई करताना नाकाला कापड बांधावे. काढलेला कचरा उकळत्या पाण्यात टाकून मगच फेकावा, कारण त्यात बारीक पिल्ले असतात. वसाहत बंद करायची झाल्यास झुरळे गोठवून मारावीत. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा खाडीकाठी सोडू नयेत. चीनमधील दाफेंग येथे ऑगस्ट २०१३ मध्ये पैदासगृहाची नासधूस झाली आणि दहा लाखांहून अधिक झुरळे आसपासच्या शेतांत पसरली. आपला टब लहान असला तरी झाकण लावण्याची शिस्त तीच. रात्री झोपण्यापूर्वी झाकण व जाळी एकदा पाहावी.