अभ्यासगटातील नवा सोबती : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्वयंअध्ययन

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. याच महामानवाला शालेय वयात संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले. शिकवणाऱ्याने दार लावून घेतले तरी शिकणारा थांबत नाही, हा वारसा आमच्या निवासी शाळेने उराशी बाळगला आहे. म्हणूनच, आज मुलांच्या हाती आलेल्या नव्या साधनाचा विचार त्याच वारशाच्या प्रकाशात करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि मजकूर निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घरोघरी पोहोचली. हे यंत्र अफाट लिखित मजकुरातून शब्दांचे परस्परसंबंध शिकते आणि पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत उत्तर रचते. त्यामुळे त्याचे खरे उत्तर जितके सफाईदार असते, तितकेच चुकीचेही. धोका नेमका येथे आहे.

मग या यंत्राला कोठे बसवावे? उत्तर आपल्याच जंगलात सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. या यशामागे गावाचा अभ्यासगट होता. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा समजून घेत, प्रश्न विचारीत, उलटसुलट चर्चा करीत. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नसे. तो ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. आमच्या मते, यंत्राची जागा अभ्यासगटात आहे. ग्रामसभा विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धी होय.

यासाठी आम्ही चार पायऱ्या सुचवितो. पहिली : आधी वहीत स्वतःचे उत्तर लिहावे, मग यंत्राला विचारावे. दुसरी : उत्तर मागण्याऐवजी प्रश्न मागावेत. ‘प्राणहिता नदीवर निबंध लिहून दे’ असे न म्हणता, ‘वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमावर मला पाच प्रश्न विचार, आणि चुकलो तर लगेच उत्तर न सांगता खूण दे’ असे म्हणावे. तिसरी : मिळालेली माहिती पाठ्यपुस्तकात, नकाशात किंवा जाणत्या माणसाकडे पडताळावी. चौथी : पडदा बंद करून तोच विषय शेजारच्या मित्राला आपल्या शब्दांत समजावून सांगावा. तो सांगता आला, तरच तो आपला झाला.

तिसरी पायरी नवी नाही. ग्रंथात आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. पडद्यावर उमटले म्हणून ते सत्य, ही आजची अंधश्रद्धा त्याच कसोटीला लावली पाहिजे.

आपल्या भागात तर ही पारख अधिकच हवी. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत; परंतु गोंडी आणि माडिया भाषांतील लिखित मजकूर थोडा असल्याने यंत्राचे त्यांविषयीचे ज्ञान तोकडे पडते. मोहफुले कोणत्या पहाटे वेचावीत, कोणत्या झाडाला हात लावू नये, हे आजीला ठाऊक असते. यंत्राला न विचारता आजीला विचारून वहीत उतरवणे, हेही स्वयंअध्ययनच आहे.

‘माझे गाव’ या विषयावरचा एक निबंध आमच्या हाती आला. भाषा निर्दोष होती. पण त्यात नदी होती आणि तिला नाव नव्हते, झाडे होती आणि त्यांत मोह नव्हता. मुलीला रागे न भरता आम्ही तिला पुन्हा लिहावयास सांगितले. दुसऱ्या निबंधात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि तिचे गाव होते. चुका दुरुस्त करावयास मात्र आम्ही यंत्राची मदत आनंदाने घेतली.

पालकांना आमची विनंती एवढीच : मूल मोबाईल घेऊन अभ्यासाला बसले की, ‘काय उत्तर मिळाले?’ असे विचारू नका. ‘तू काय विचारलेस?’ असे विचारा. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावी आल्यावर विहारात चार मुलांना जमवून असा अभ्यासगट चालवावा. स्वतःचा दीप स्वतः होण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. यंत्र फार तर वात पुढे सारील. तेल आपल्यालाच घालावे लागेल.